एक ते सहा

कलाबाईने नखाने टिकली उचकटली. फेकली नाही, पडद्याच्या काळ्या कडेवर, जरा बाजूला, दाबून ठेवली. टिकलीखालचा कॅमेऱ्याचा बारीक डोळा मोकळा झाला. शेजारचा हिरवा ठिपका पेटलेलाच होता. तिने पदराच्या टोकाने तो डोळा पुसला, प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली, मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. घड्याळात दोनला दहा कमी होते.

पडद्यावर तिचाच फोटो होता. सहा वर्षांपूर्वीच्या चौदा एप्रिलचा, पांढऱ्या साडीतला. फोटो काढणाऱ्याला आता दोन शब्द सुनावणार, असा चेहरा. डाव्या कोपऱ्यात पांढरा बाण निपचित पडला होता.

मागच्या दाराने सपना धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. पडद्याकडे नजर गेली तशी तिने बादली खाली ठेवली.

“अक्का, टिकली लाव परत.”

“तुझी टिकली तुझ्या कपाळाले लाव. मशीनले कशाला?”

“ठिपका पेटलाय बघ. कुणीतरी बघतंय.”

“बघू दे. मी काय चोरी करून बसली शे?”

सपनाने वाद घातला नाही. कलाबाईशी वाद घालणं जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीने केव्हाच सोडलं होतं. नळाला पाणी सोडणारा माणूससुद्धा तिच्या दारावरून जाताना सायकलची घंटी वाजवत नसे. सगळी कॉलनी तिला अक्का म्हणायची, म्हणून तिची दोन पोरंही अक्काच म्हणत मोठी झाली. त्या दोघांतली आता सपना तेवढी उरली होती.

बादली उचलता उचलता सपना म्हणाली, मशीन बघायला अतिक धुळ्याहून निघालाय, पारोळा सोडलं म्हणून आत्ताच फोन आला होता. बोलून गेल्यावर तिने ओठ चावला. या घरात पारोळ्याचं नाव कोणी घेत नसे. कलाबाईचा हात मेथीच्या काडीवर थांबला. मग तिने ती काडी पानांसकट मोडली आणि कचऱ्यात टाकली.

तिचा मुलगा प्रशील धुळ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. घरचा कॉम्प्युटर त्यानेच सुटे भाग आणून जोडला होता, सपनासाठी. ती कॉलनीतल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायची. शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे, नर्सिंगच्या प्रवेशाचे. मशीन अडलं की प्रशील धुळ्याला बसल्या बसल्या त्यात शिरायचा आणि दुरुस्त करायचा. माऊसवर कोणाचा हात नाही आणि बाण चालतोय, हे कलाबाईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली होती. पुढे त्याची सवय झाली. मग सवयीची वाट बघणं सुरू झालं.

रोज दुपारी दोन वाजता तो यायचा. सपनाचा फोन मोठ्या आवाजावर लावून माऊसशेजारी ठेवलेला असायचा. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्यामुळे प्रशीलला आईशी बोलता येत नसे. तो नुसता ऐकायचा आणि बाणाने उत्तर द्यायचा. आल्या आल्या बाण फोटोतल्या तिच्या तोंडाभोवती दोन फेरे घ्यायचा. तो त्याचा नमस्कार. मग ती विचारायची, “जेवला का?” जेवला असला तर बाण वर-खाली व्हायचा. नसला तर आडवा, इकडून तिकडे. आडवा गेला की कलाबाई सुरू व्हायची. खानावळ काय कोसावर आहे का, पोटात दगड भरले का, असं बरंच. बाण रागावलेल्या पोरासारखा कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि तिचं संपेपर्यंत हलायचा नाही.

मशीन सुरू करायचं काम मात्र तिचंच. शाळा तिसरीत सुटलेली. पण पडद्याने नंबर विचारला की ती उजव्या हाताचं एक बोट ताठ करून आकडे दाबायची. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. नेटच्या डब्याबरोबर कारखान्यातून आलेला नंबर तोच होता. तिला दुसरा पाठ करायला नको म्हणून प्रशीलने सगळीकडे तोच ठेवला. त्याच नंबराने मशीन उघडायचं, आणि बाहेरून आत यायलाही तोच चालायचा. दुकानात हाच पोरगा गिऱ्हाइकांना झापायचा, की डब्यासोबत आलेला नंबर पहिल्याच दिवशी बदला म्हणून. घरी अधूनमधून विषय काढायचा.

“अक्का, आपलं दार सताड उघडं आहे.”

“माझ्या घरात काय सोनं शे?”

विषय तिथेच संपायचा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, दुपारच्या वेळी, पारोळ्याच्या अलीकडे एका ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. तो जळगावकडे येत होता. घरचं नेट बंद पडलं म्हणून निघाला असेल, असं सपना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली आणि नेटवाल्याला शिव्या घालत राहिली. कलाबाईने त्यावर कधी काही म्हटलं नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर त्याचे कपडे वाटून टाकले, खाट दिली, मोटारसायकलचा सांगाडासुद्धा उचलून नेऊ दिला. कॉम्प्युटरला मात्र तिने कोणाला बोट लावू दिलं नाही. दर चार-आठ दिवसांनी मशीन विचारायचं, नवीन करून घेऊ का. कलाबाईला ती अक्षरं वाचता येत नसत, पण ती चौकट ओळखू यायची. सपनाच्या मागे उभी राहून ती ‘नंतर’ दाबायला लावायची. दोन वर्षं नंतर, नंतर. व्हायरसपासून राखण करणाऱ्या प्रोग्रामची मुदत संपली. खाली कोपऱ्यात लाल खूण आली, ती तशीच राहिली. प्रशीलने आत काय काय लावून ठेवलंय आणि कशाला हात लावला म्हणजे त्यातलं काय जाईल, कोणी सांगावं. नंबर बदलू या, असं सपनाने दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कलाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

आणि मग यंदा, होळी झाल्यावर, एका दुपारी बाण चालला.

सपना दाखल्याच्या कामाने बाहेर गेली होती. कलाबाई तांदूळ निवडत होती. बाण कोपऱ्यातून निघाला, मधे थबकला, पुन्हा चालू लागला. ताटातल्या तांदळावर तिचे दोन्ही हात पालथे राहिले. शेजारच्या भिकुबाईने सुनेला भगताकडे नेलं होतं, तेव्हा हीच बाई भर गल्लीत उभी राहून म्हणाली होती, मेला तो मेला, तुमच्या भगताले जिवंत माणसाचं कळत नाही तर मेलेल्याचं काय कळणार. विहारात बायकांना हेच सांगायची. त्या दुपारी मात्र तिने पडद्याला विचारलं,

“जेवला का?”

बाण थांबला. जरासा खाली आला.

वर गेला नाही. तिने तेवढ्यावर भागवलं.

फोटोभोवतीचे फेरे त्याने घेतले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. विसरला असेल, असं तिने मनाला सांगितलं. तिकडून येणाऱ्याला सगळं कुठून आठवणार. सपना घरात नसताना ती रोज दोनला बसू लागली. कधी बाण यायचा, कधी नाही. आला की ती बोलायची. नळावर कोण कोणाला काय बोललं. सपनाला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा कसा फुरकला. कॉलनीतल्या तोतारामची पोरगी मेघा नर्सिंगच्या यादीतून दोन मार्कांनी राहिली आणि बापाला सांगायची हिंमत नाही म्हणून इथे येऊन, आत स्वयंपाकघरात बसून कशी रडली. बाण ऐकत असायचा आणि हे उघड, ते उघड करत फिरायचा. बाहेरगावाहून आलेलं पोर स्वयंपाकघरात डबे उघडून बघतं, तसा. तिला त्यात वावगं वाटलं नाही.

चार दिवसांपूर्वी तोताराम दारात येऊन उभा राहिला. मालाची रिक्षा चालवणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याने आत यायला नकार दिला. मेघाला आठवड्यापासून कोणा परक्या माणसाचे फोन येत होते. त्याला तिचे मार्क ठाऊक, पत्ता ठाऊक, फॉर्मवरच्या फोटोतली निळी ओढणीसुद्धा ठाऊक. तेवढं कागदांवर होतं आणि कागद या घरात होते. पण तो आणखी एक म्हणाला होता. यादीतून राहिलीस ते बापाला सांगितलं नाहीस ना? सांगू का मी? नको असेल तर मी सांगतो तसे फोटो पाठव. पोरीने जेवण टाकलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून हे निघालं.

“अक्का,” तोताराम म्हणाला, “यादीचं तिनं फक्त तुमच्या घरात सांगितलं होतं.”

सपना रडली. आपण कोणापाशी बोललो नाही, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. कलाबाई हातात उलथणं घेऊन उभी होती. तोताराम गेल्यावर तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला, तरी ती तशीच उभी होती. त्या संध्याकाळी सपनाने कॅमेऱ्यावर टिकली लावली आणि अतिकला फोन केला.

तेव्हापासून कलाबाई ती टिकली काढत होती. भिकुबाईने कुंपणावरून विचारलं, पोरगा येतो म्हणे तुझ्या मशीनमध्ये, खरं का. तर तिला म्हणाली, तुझ्याकडं जिवंत असून कोणी येत नाही, त्याचं बघ. तोंड अजून चालत होतं. पण दोनच्या सुमारास ती पडद्यासमोर बसायची आणि बाण आला की एकच वाक्य बोलायची. जेवला का, हेही आता विचारत नव्हती.

“फेरे घे. दोन फेरे घे, मग मी मानते.”

आज दोन वाजून गेले. अडीच झाले. मेथी निवडून संपली. बाण आला नाही.

अतिक साडेतीनला आला. दुकानात प्रशीलच्या शेजारच्या खुर्चीवर तीन वर्षं बसलेला. प्रशीलचा जेवणाचा डबा धुऊन, फडक्यात बांधून त्यानेच आणून दिला होता, त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर तो आजच येत होता. कलाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि धुळ्यात अन्न मिळायचं बंद झालं का, असं विचारलं. तो हसला, पाणी प्यायला, आणि जोडे काढून मशीनसमोर बसला.

अर्धा तास तो मशीन तपासत राहिला. मग सपनाकडे वळून हळू आवाजात काहीतरी सांगू लागला.

“माझ्या घरातलं मले सांग,” कलाबाई म्हणाली. “तिच्या कानात नको.”

त्याने सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सांगत असेल तसं. काही लोकांचा धंदाच असतो की दिवसभर जगातल्या मशिनींची दारं ढकलत फिरायचं. गल्लीतून जाताना एकेक कडी हलवून बघावी तसं. सगळ्यात आधी ते एक ते सहा हाच नंबर लावतात, कारण निम्म्या लोकांनी तोच ठेवलेला असतो. इथलं दार लागलीच उघडलं असणार. आत आल्यावर त्याने स्वतःचा प्रोग्राम ठेवला. मशीन दोन वर्षं नवीन करून घेतलेलं नाही, म्हणून त्याला अडवणारं काही नव्हतं. कागद बघितले, फोटो बघितले, कॅमेरा लावला.

“माईकही उघडा होता,” अतिक म्हणाला. “या खोलीत जे बोललं जाईल ते त्याला ऐकू जायचं.”

“बठ्ठं?”

“सगळं, अक्का.”

कलाबाईने पदराला चिकटलेली मेथीची पानं एकेक करून ताटात टाकली.

“मेघाचं ते या खोलीत माझ्याशिवाय कोणी बोललं नाही,” ती म्हणाली.

सपनाने मान वळवून आईकडे पाहिलं. पाहत राहिली. मेघाची गोष्ट या घरातून कोणत्या वाटेने बाहेर गेली, ते तिला तेव्हा कळलं. कलाबाईने नजर चुकवली नाही.

अतिक उठला. आधी नेटची वायर काढतो, म्हणाला. मग कागद तपासून बाजूला घेतो आणि मशीन पूर्ण पुसून कोरं करतो. प्रशीलने लावलेलं सगळं जाईल. फोटो तेवढा राहील. त्याने कपाटामागच्या डब्याकडे हात नेला.

“थांब.”

बाण हलला होता.

तो कोपऱ्यातून निघाला आणि मधे थबकला. माऊसजवळ कोणी नव्हतं. कलाबाई खुर्चीत पुढे सरकली, पडद्यापासून हातभर अंतरावर आली.

“फेरे घे,” ती म्हणाली.

अतिकने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तीन वर्षं रोज दुपारी शेजारच्या खुर्चीवरून त्याने ते दोन फेरे पाहिले होते. त्याने हात मागे घेतला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. घाई केली नाही.

बाण चालू लागला. फोटोवर आला. तिच्या गालावरून, कपाळावरून सरळ निघून गेला. अंथरलेल्या चटईवरून कोणी चपला घालून जावं, तसा. पलीकडे सपनाच्या नावाची चौकट होती, ती त्याने उघडली. तिच्या फोटोंच्या ओळी पडद्यावर पसरल्या. सपनाने ओढणी गळ्याशी धरली.

“जेवला का?” कलाबाईने विचारलं. या वेळी मोठ्याने.

बाण थांबलासुद्धा नाही. ओळीतला एक फोटो मोठा झाला.

ती उठली. कपाटामागे हात घातला. न वाकता, न बघता तिची बोटं डब्याच्या मागच्या वायरीपर्यंत गेली, टोकाचा बारीक खटका दाबला आणि वायर ओढून घेतली. पडद्यावर बाण जिथे होता तिथेच राहिला.

अतिक चकित होऊन बघत होता. तो खटका माहीत नसलेले लोक वायर नुसती हिसडत बसतात.

कलाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. वायरचं टोक तिच्या मुठीत होतं.

“त्या दिवशी बी मीच काढली व्हती.”

मग तिने सांगितलं. थोडक्यात, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा कोरड्या आवाजात. त्या दिवशी दीडला त्याचा फोन आला होता. नंबर आज बदलतोच म्हणाला, लांबलचक, अक्षरांचा. ती नको म्हणाली. मले दाबता येणार नाही, माझ्याच घरात तू मले बाहेर ठेवशील, असं म्हणाली. दोन वाजता बाण आला. दोन फेरे घेतले आणि चौकटी उघडायला लागला. तिने थांब म्हटलं. बाण वर-खाली झाला, म्हणजे ऐकलं. आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. तेव्हा तिने वायर काढली. आधी निघेना, मग खटका सापडला. फोनही बंद करून पालथा घातला.

“वाटलं, येईल रविवारले समजूत काढायले,” ती म्हणाली. “तो लगेच निघाला.”

सपना खाली फरशीवर बसली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“त्याला ठाऊक होतं,” अतिक म्हणाला.

कलाबाईने मान वळवली.

“मी शेजारीच होतो. त्याचा पडदा काळा झाला तसा तो हसला. म्हणाला, अक्कानं वायर उपटली. आता पाया पडायला जावं लागतं.” अतिकने पडद्याकडे बोट केलं. “तुमच्यासाठी सोपा नंबर काढला होता त्याने. आकडे नव्हतेच. रोज दुपारी तुम्ही त्याला पहिलं जे विचारता ना, तेच. म्हणाला, एवढं ती मरेपर्यंत विसरणार नाही, फक्त कुठली अक्षरं दाबायची ते हाताला धरून शिकवून येतो.”

कलाबाईने वायरीचं टोक पदराने पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

“मग तेच टाक,” ती म्हणाली.

अतिकने मान हलवली. “मला ठाऊक आहे ते, अक्का. दुसऱ्याला ठाऊक झालेलं चालत नाही.” तो थांबला. पुढचं सांगू की नको, असं त्याच्या तोंडावर होतं. “आणि तो माणूसही ते रोज ऐकत होता.”

मशीन पुसून कोरं व्हायला दोन तास लागणार होते. तेवढ्या वेळात कलाबाईने साडी बदलली आणि ती तोतारामच्या घरी गेली. ती कोणाच्या दारात उभी राहिली की आत कोणाची तरी हजेरी घेतली जाणार, हे कॉलनीला पाठ होतं. दोन-तीन बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांना ऐकायला मिळालं ते वेगळं होतं. पोरीचा दोष नाही, सपनाचाही नाही, मी बोलली, रिकाम्या मशीनपुढे बसून बोलली आणि ते चोराने ऐकलं, असं तिने बाप-लेकीच्या समोर, उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. अतिकने कागदावर लिहून दिलेलं मेघाच्या हातात ठेवलं. फोन आलेले नंबर पुसू नका, बापासोबत पोलिसांच्या सायबर शाखेत जा, एकही फोटो पाठवू नका. तोताराम खाली मान घालून ऐकत होता. मेघा दाराच्या फळीआड होती. निघताना कलाबाईला राहवलं नाही. दोन मार्कांसाठी पोरगी बापाले भीत असेल तर बापाने आरशात तोंड पहावं, एवढं तिने ऐकवलंच.

ती परत आली तेव्हा पडद्यावर कुठल्या तरी परक्या डोंगराचं चित्र होतं. सपनाने ते काढून पुन्हा फोटो लावला. अतिकने डब्याचा नंबर बदलला होता, मशीनला स्वतःहून नवीन होत राहायची मुभा दिली होती, आणि बाहेरून आत यायची वाट पार बंद केली होती. मशीनचा नंबर तेवढा राहिला होता. तो तुम्ही टाका, म्हणाला, लांब टाका, आणि आम्हाला सांगू नका.

“मले बारा-तेरा अक्षरं येतात तुमच्या त्या इंग्रजीची,” ती म्हणाली. “त्यात बसेल तेवढं टाकीन.”

अतिक आणि सपना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे एकेक कळ वाजत होती. दोन कळांच्या मधे इतका वेळ जायचा, की संपलं असं वाटावं, आणि मग पुढची वाजायची. मशीनने तेच पुन्हा मागितलं. दुसऱ्या वेळी ती कुठे अडली नाही. तिने काय टाकलं, ते कोणी विचारलं नाही.

वायर अजून कपाटामागे सुटीच लोंबत होती. अतिकने हात पुढे केला तर तिने लावू दिली नाही. कपाटामागे स्वतः हात घातला आणि खटका वाजेपर्यंत दाबली. डब्यावरचे दिवे एकामागून एक लागले.

अतिक साडेसातच्या गाडीला निघाला. तिने त्याला भाकरी आणि मेथीची भाजी बांधून दिली. तो जोडे घालत असताना ती दारात उभी होती.

“पारोळा सोडलं की फोन कर,” ती म्हणाली.

आत सपनाच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलाबाईने मशीन सुरू केलं. नंबर टाकायला तिला पाच मिनिटं लागली. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई आली, डाव्या कोपऱ्यात बाण आला. कॅमेऱ्याशेजारचा ठिपका विझलेला होता. तिने कडेवर चिकटवलेली टिकली नखाने काढली, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बरोबर मधोमध ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली, कपाळावर दाबतात तशी. मग खुर्ची ओढून बसली.

दोन वाजले. सव्वादोन झाले. बाण होता तिथेच होता. तो आता हलणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली नाही.

“अक्का, जेवली का?” आतून सपनाने विचारलं.

कलाबाईने माऊसवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला. तो तिला वाटला होता त्याहून हलका निघाला. बाण कोपऱ्यातून उचलला गेला. इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला.

आतून सपनाने पुन्हा विचारलं. बाण पुन्हा आडवा गेला.